झाली किती, आहेत किती

हे मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहायला जमतंय. समोर माणूस बसलं की मला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. बारशाला बोलावलं तर मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहते. पण माझं काम असं आहे की त्यात बोलावं लागत नाही. हात चालवायचे. बोलायचं काम बाळंतिणीचं, तिच्या आईचं आणि सासूचं.

मी बाळ-बाळंतिणीची मालिश करते. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, एकदोनदा लांब मालाडलाही गेले आहे. माझी आई हेच करायची, आधी गावाला मालवणकडे आणि मग वडील गिरणीत लागल्यावर इथे. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी तिच्या मागे घरोघरी जाऊ लागले. वाचायची सवय मात्र राहिली. माझ्या बायका जुने दिवाळी अंक रद्दीत न घालता मला देतात. त्यात कुणी फौजदार, कुणी नर्स, कुणी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आपल्या नोकरीतल्या गोष्टी लिहितो. आंघोळ घालणाऱ्या बाईचं लिहिलेलं अजून माझ्या वाचण्यात नाही.

लोकांना वाटतं, तेल लावलं आणि चोळलं की झाली मालिश. तसं नसतं. पहिलटकरणीचं अंग आखडलेलं असतं, ती हात लावला तरी दचकते. तिला आधी पायापासून धरायचं, पोटाकडे उशिरा जायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईची कंबर गेलेली असते, पण ती स्वतःच सांगते, इथे दाबा, तिथे नको. सिझर असेल तर टाके बरे होईपर्यंत पोटाला हात नाही, डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. बाळाला दोन्ही पाय लांब करून नडगीवर घ्यायचं, आधी पालथं, मग उताणं, आणि पाणी टाळूवर कधी धारेनं ओतायचं नाही. पूर्वी ओव्याची धुरी द्यायचो, शेगडीचा शेक द्यायचो. आता फ्लॅटमध्ये धूर झाला की शेजारी बेल वाजवतात, आणि बाळांचे डॉक्टरही नको म्हणतात. नाक ओढायचं नाही, नाकात तेल घालायचं नाही, डोकं दाबून गोल करायचं नाही. त्यांचं बरोबर आहे. घाटकोपरच्या एका आजीबाईंनी मला यावरून काढून टाकलं होतं. म्हणाल्या, "नातवाचं नाक बसकं राहिलं तर तुम्ही नवरी शोधणार का?" मालाडला एक इंजिनियर बाप पाण्यात थर्मामीटर बुडवून उभा राहायचा. माझं कोपर बुडवून झालं की तो त्याचं यंत्र बुडवायचा, आणि आमचं जमलं की खूश व्हायचा. मलाही बरं वाटायचं.

नव्या घरी गेले की मी एकच प्रश्न विचारते. कितवी खेप? आईनं तसं शिकवलं होतं. माझ्या कामाला तेवढंच कळावं लागतं. पण या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर फार कमी घरांत मिळतं. सासू म्हणते पहिलीच, आणि ती बाहेर गेली की सून हळूच म्हणते, मावशी, मागच्या वर्षी एक गेलं होतं. कुणी मुलगी झालेली मोजतच नाही, तिसऱ्यांदा बाळंत झालेली बाई म्हणते, हा पहिला. मी ऐकते आणि पोटऱ्यांना हात लावते. अंगाला खेपा सगळ्या माहीत असतात. त्याला आपलं-परकं, राहिलेलं-गेलेलं काही कळत नाही.

आता मालतीताईंचं लिहिते, कारण त्यांच्याच घरात हा मोजण्याचा प्रश्न मोठा होऊन बसला.

मालतीताई मुलुंडला राहतात. सरकारी ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाल्या, यजमान त्याआधीच गेले. मोठा मुलगा अमोल आणि सून अश्विनी त्यांच्याजवळ असतात. मधला प्रशांत पुण्याला. धाकटा निखिल विमा कंपनीत आकडेमोडीचं काम करतो. अश्विनीला जुळे मुलगे झाले तेव्हा मी त्या घरी पहिल्यांदा गेले. त्या दोघांना एकामागून एक आंघोळ घालताना माझी कंबर मोडायची, आणि निखिल तेव्हा घरीच असायचा, तो टॉवेल घेऊन दाराशी उभा राहायचा. एक धुतला की घ्यायचा, पुसायचा, दुसऱ्यासाठी परत यायचा. म्हणायचा, "मावशी, नेक्स्ट!" अमोल बाळाला उचलायला घाबरायचा. निखिलला भीती नव्हती.

जुळे मोठे झाले, शाळेत जाऊ लागले, तरी माझं त्या घरी जाणं सुटलं नाही. मालतीताईंचे गुडघे दुखायचे. आठवड्यातून दोनदा जाऊन मी त्यांच्या पायांना तेल लावायची. मध्ये निखिल बोरिवलीला राहायला गेला. का गेला ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. पण पाय चोळणाऱ्या बाईसमोर लोक बोलतात, जसं पंख्यासमोर बोलतात. त्याला मुली आवडत नाहीत, मुलगे आवडतात, असं त्यानं घरी सांगितलं होतं. तिकडे तो त्याच्या मित्राबरोबर राहत होता. मालतीताई "गे" हा शब्द बोलत नसत. त्या म्हणायच्या, "तसा आहे तो."

त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पहिल्या दिवशी मालतीताईंनी मला आपणहून सांगितलं होतं, मला तीन मुलगे. आता सोसायटीत कुणी नवीन राहायला आलं, लिफ्टमध्ये ओळख झाली, तर त्या म्हणायच्या, "मला दोन मुलगे. एक इथे, एक पुण्याला." मी पिशवी घेऊन बाजूला उभी असायची.

त्या दिवसांत त्या स्वतःलाच दोष देत. नोकरी केली, धाकट्याला पाळणाघरात ठेवला, लाड केले, ओरडले, सगळं काढून झालं. एके दिवशी मी गेले तर चेहरा जरा मोकळा वाटला. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "हे वाचा मावशी. शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय. ज्यांना मोठे भाऊ जास्त असतात ना, त्यांच्यात असं होण्याचं प्रमाण जास्त. प्रत्येक मुलाच्या वेळी आईच्या पोटात काहीतरी बदलत जातं म्हणे. म्हणजे माझ्या वळण लावण्याचा काही संबंध नाही. तो तिसरा म्हणून तसा."

मी वाचलं. मराठीच होतं पण शब्द अवघड होते. मी मान हलवली. त्यांना बरं वाटत होतं ते मला दिसत होतं. पायही त्या दिवशी सैल होते.

आंब्यांचे दिवस सुरू झाले आणि अश्विनीला परत दिवस गेले. ठरवून नव्हे. जुळे शाळेत, ती बँकेत, कुणाच्या मनात नव्हतं. पण कळल्यावर ती खूश झाली. मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "मावशी, ह्या वेळी एकच असू दे गं बाई म्हणून नवस बोला हं तुम्ही." मी हसले.

मालतीताई हसल्या नाहीत. मी गुडघ्यांना तेल लावत होते आणि त्या अश्विनीला सांगत होत्या, "मला ठीक वाटत नाही हे. दोन मुलगे झालेत. आता तिसरा मुलगाच झाला तर?"

"तर काय आई? होईल की."

"तू वाचलंस ना मी पाठवलं ते?"

अश्विनीनं मान डोलावली. तिनं वाचलं होतं.

"अजून वेळ आहे," मालतीताई म्हणाल्या. "डॉक्टरांशी बोलून घे. मी भोगलंय, म्हणून सांगते. तुझ्या वाट्याला नको."

पुढच्या दोन-तीन खेपांना मी गेले तेव्हा घरात तेच चाललं होतं. अमोल म्हणायचा, "तुम्ही दोघी ठरवा, मला दोन्ही चालेल," आणि अश्विनी त्याच्याकडे अशी बघायची की मी मान खाली घालायची. शेवटी मालतीताईंनी सांगून टाकलं, की हे मूल त्या सांभाळणार नाहीत. जुळ्यांना त्यांनीच सांभाळलं होतं, म्हणून अश्विनीची नोकरी टिकली होती. अश्विनीनं सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली. मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "मावशी, मला हे मूल हवंय. पण समजा आई म्हणतात ते खरं असेल, आणि मग त्या त्याच्याशी अशाच वागल्या, निखिलशी वागतात तशा, तर? त्यापेक्षा नकोच ना?"

मी तिचा हात दाबला. जिना उतरताना ऐकलं, ती फोनवर म्हणत होती, "निखिल, तू रविवारी येऊन जा. प्लीज. कारण विचारू नकोस."

रविवारी मी मालतीताईंच्या पायांशी बसले होते तेव्हा निखिल आला. बारीक झाला होता, दाढी ठेवली होती. जुळे त्याच्या अंगावर चढले. त्यांना अमोलनं खाली खेळायला पाठवलं, आणि अश्विनीनं निखिलला आत नेऊन सगळं सांगितलं. मी उठायला लागले तर मालतीताई म्हणाल्या, "बसा तुम्ही. डावा पाय राहिलाय." मला वाटतं त्यांना कुणीतरी मध्ये हवं होतं.

बाहेर आल्यावर निखिलनं सरळ विचारलं, "आई, तिसरा झाला तर माझ्यासारखा होईल, म्हणून नको?"

"मी तुला बोलत नाहीये काही. शास्त्र सांगतंय."

"दाखव शास्त्र."

त्यानं मोबाइल घेतला, वाचला आणि परत दिला. "हे मला माहितीये. माझ्या कामाचंच आहे हे, कोण कधी जगतं, कोण कधी मरतं, कुठल्या घरात किती पोरं. असे अभ्यास झालेत हे खरं आहे. पण त्यात भोकं आहेत आई. बसून ऐकशील?"

"बसलेलीच आहे. पाय मावशींच्या हातात आहेत."

"तिसरा मुलगा असायला घरात तीन मुलगे लागतात. बरोबर? ह्या बिल्डिंगमध्ये किती घरांत तीन मुलगे आहेत?"

"आता कुठे असतात? आमच्या वेळी असायचे."

"हां. आता एकानं काय केलं, माझ्यासारखे, पण पन्नाशी-साठीचे लोक गोळा केले. आणि दुसऱ्या बाजूला घेतली कॉलेजची पोरं, आत्ताची. मग म्हणाला, बघा, ह्यांना मोठे भाऊ जास्त. असणारच ना! ते जुन्या घरांतले. त्या वेळी घरंच मोठी होती. ह्यात कितवा आहे ते नाही कळत, घर केवढं ते कळतं. सगळ्यांनी इतकं ढोबळ नाही केलं, काहींनी घराचा हिशेब धरला. पण तो कसा धरायचा ह्यावरच भांडणं आहेत. एका पद्धतीनं मांडलं तर आकडा दिसतो, दुसऱ्या पद्धतीनं मांडलं तर बारीक होतो. काही ठिकाणी दिसतच नाही."

"पण काही ठिकाणी दिसतो ना?"

"दिसतो. मी खोटं नाही सांगणार. पण जे हे मानतात तेसुद्धा म्हणतात, की तिसरे, चौथे, पाचवे, बहुतेक सगळे तुझ्या अमोलसारखेच निघतात. बायको आणतात आणि म्हणतात मला दोन्ही चालेल."

"ए!" अमोल म्हणाला. अश्विनी हसली. कितीतरी दिवसांनी.

मालतीताई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा मावशी. तुम्ही एवढी घरं बघितलीत. धाकट्यांचंच असं होतं ना?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला खरंच दोन घरं आठवली, दोन्हीकडे धाकटा मुलगा लग्न न करता घर सोडून गेला होता आणि लोक कुजबुजायचे. आणि आणखी एक आठवलं, जे मी कधीच कुणाला सांगितलं नाही आणि इथेही घराचा पत्ता लिहिणार नाही. एक बाळंतीण होती, तिचा नवरा घरातला सगळ्यांत मोठा. मी पाठ चोळत असताना ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती, "मावशी, ह्यांचा जीव माझ्यात नाही. त्यांचा एक मित्र आहे. मोठे ना ते, त्यांच्यामागे दोघांची लग्नं अडली होती, म्हणून उभे राहिले बोहल्यावर." त्या घरी बारसं थाटात झालं. त्या माणसाला कोण मोजणार?

मी म्हटलं, "मला नाही माहीत ताई. मी आंघोळ घालून निघून जाते. पुढे कोण काय झालं, मला कोण सांगायला येतं?"

"बघ," निखिल म्हणाला. "आणि जे कानावर येतात त्यांचंच कळतं. मोठ्याला सोडतं का कुणी? त्याला धरून लग्न लावतात. धाकट्याकडे दुर्लक्ष होतं, म्हणून तो निसटतो आणि सांगू शकतो. अमोलदादा, तू असतास माझ्यासारखा तर बोलला असतास?"

अमोलनं थोडा विचार केला. "बाबा असताना? नाही," तो म्हणाला.

मग निखिल एकदम हसायला लागला. "आणि माझंच सांगू? एकदा कॉलेजच्या एका मुलीनं अशाच अभ्यासासाठी आम्हाला प्रश्न विचारले. आम्ही आठ-दहाजण मित्र, एकमेकांना ओळखणारे, एकानं दुसऱ्याला बोलावलेलं. तीही एक गंमतच, ओळखीतले ओळखीतले घेऊन बसलं की सगळी घरं सारखीच निघतात. तर तिनं मला विचारलं, तुला मोठे भाऊ किती? मी म्हटलं, पाच."

"पाच?" मालतीताई ताठ झाल्या. "कुठले पाच?"

"अमोलदादा, प्रशांतदादा, आणि घाटकोपरचे. बाळादादा, विजूदादा, मन्यादादा."

"अरे ते चुलत!"

"मला काय सुचलं तेव्हा? आपण सगळे घाटकोपरच्या त्या एका खोलीत होतो ना मी शाळेत जाईपर्यंत. एका गादीवर झोपायचो, एका ताटात जेवायचो. मोठे भाऊ किती म्हटल्यावर तोंडात पाचच आले. सख्खे का, हे तिनं विचारलंच नाही. तीही मराठीच, तिच्याही डोक्यात आलं नसेल. घरी जाताना माझ्या लक्षात आलं. म्हणजे तिच्या हिशेबात माझ्या आईला सहा मुलगे!"

"मेल्या," मालतीताई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना, "तुझ्या काकूची तीन माझ्या पोटात घातलीस होय रे! ती ऐकेल तर दोन हात करील माझ्याशी."

अश्विनी पदरानं डोळे पुसत होती, इतकी हसत होती. मीही हसले.

हसणं ओसरल्यावर निखिल म्हणाला, "मग तूच सांग खरा आकडा. मी कितवा?"

"तिसरा," मालतीताई म्हणाल्या.

तेव्हा त्यांची पोटरी माझ्या हातात होती. ती एकदम दगडासारखी झाली. मी हात थांबवला. माझ्या कामात हे कळतं, माणूस तोंडानं एक बोलत असेल आणि अंग दुसरं सांगत असेल तर ते आधी पायाला कळतं. मी हात तसाच ठेवला.

"चौथा," त्या म्हणाल्या.

कुणाला समजलं नाही. अमोल म्हणाला, "आई, मोजता येतं ना? मी, प्रशांत, हा."

"तुझ्या आधी एक झाला होता. घाटकोपरला असताना, सातव्या महिन्यात. मुलगा होता. रडला नाही. मला बघू दिला नाही, तुझ्या आजीनं सांगितलं बघू नकोस म्हणजे लवकर विसरशील." त्या सगळं एकाच सुरात बोलल्या, ऑफिसातलं काही सांगावं तसं. "मला आजपर्यंत किती आहेत एवढंच विचारलंय लोकांनी. किती झाली, असं कुणी विचारलं नाही. म्हणून तीनच सांगत आले."

मी विचारलं नव्हतं, कारण मी त्यांच्याकडे आले ती सुनेसाठी. गुडघ्यांना खेप विचारत नाहीत.

अमोल चाळिशीचा माणूस, पण त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "म्हणजे मी मोठा नाही?"

"मोठा तूच रे. तुलाच उचलून घेतलं ना पहिल्यांदा."

निखिल आईच्या शेजारी येऊन बसला. तो आता आकड्यांचं बोलत होता तरी आवाज उतरला होता. "बघ आई. तुला विचारलं असतं तर तू तीन म्हणाली असतीस. मला विचारलं तर मी पाच भाऊ सांगितले. जे म्हणतात पोट मोजतं, त्यांना हवा असतो तो पोटाचा हिशेब. आणि मिळतो तो घरातल्या लोकांच्या तोंडचा. अश्विनीवहिनीचंच घे, तिची ही खेप दुसरी आणि मूल तिसरं. तुझ्या भीतीनं ह्यातलं काय मोजायचं?"

मालतीताईंनी मांडीवरचा मोबाइल उलटा करून ठेवला. मग म्हणाल्या, "मग तू तसा का झालास? ते तरी कळू दे. मला वाटलं होतं, कळलं एकदाचं."

हे त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. त्या संदेशानं त्यांच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवलं होतं, आणि मुलगा ते परत त्यांच्या हातात देत होता.

"मला माहीत नाही," निखिल म्हणाला. "तू लाड केलेस म्हणून नाही, पाळणाघरात ठेवलंस म्हणून नाही, एवढं नक्की. आणखी कारण सापडलं नाही तर चालणार नाही का तुला? आणि समजा आई, सगळी भोकं बुजली, सगळं खरं ठरलं. समजा तो माझ्यासारखाच झाला. तेवढ्यासाठी उद्या जायचं वहिनीनं? मी बसलोय ना इथे तुझ्या समोर."

खाली जुळे कुणाशी तरी भांडत होते, त्यांचा आवाज वर येत होता. मालतीताईंनी निखिलकडे पाहिलं नाही. पाय माझ्या हातातून काढून घेतला आणि उठता उठता म्हणाल्या, "आंबा कापते. हापूस आलाय. तुला सालीसकट लागतो ना अजून?"

तो म्हणाला, "हो."

मी हात धुऊन निघाले. पुढचं मला माहीत नाही, आणि सोमवारी काय झालं तेही कुणी सांगितलं नाही. आमच्या कामात हे नेहमीचंच आहे. गोष्ट मधूनच ऐकायची आणि मधूनच निघून यायचं. इतक्या बाळांची टाळू माझ्या तळहाताखाली भरली, त्यातलं कोण कसं निघालं, कुणाचं बरं चाललंय, मला पत्ता नाही. रस्त्यात कुणी ताडमाड पोरगा समोरून गेला तर तो माझ्या पायांवर झोपलेला असू शकतो. या एका गोष्टीचं मला वाईट वाटतं.

त्या घरचं मला कळलं ते असं. पुढच्या वेळी मी तेलाची वाटी कोमट करत होते तेव्हा मालतीताई आतून म्हणाल्या, "मावशी, दिवाळीनंतरचं दुसरीकडे कबूल करू नका हं. तेव्हा इथे लागाल तुम्ही."

आम्हाला असंच आधी सांगून ठेवावं लागतं, चांगल्या बाईला बोलावणी फार असतात. मी "बरं" म्हटलं. अश्विनी ऑफिसला निघाली होती, दारात चप्पल घालत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण तिचा एक पाय चपलेत शिरेना.

मुलगा झाला. एकच. साधं बाळंतपण, वजनदार पोर, आवाज खणखणीत. पहिल्या आंघोळीला मी गेले तेव्हा न्हाणीघराच्या दाराशी निखिल उभा होता, खांद्यावर टॉवेल टाकून. रविवार होता, बोरिवलीहून आला होता. त्याचा मित्रही आला होता, तो बाहेर जुळ्यांना चित्र काढून देत होता. मालतीताई त्याच्याशी फार बोलत नव्हत्या, पण चहा त्यांनी स्वतः नेऊन दिला.

मी पाटावर बसले, बाळाला नडगीवर पालथं घेतलं. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन आलेल्या बाई बाळाला बघायला आल्या. झबलं-टोपडं आणलं होतं. दारातूनच डोकावल्या, कौतुक केलं, आणि मालतीताईंना विचारलं, "आजी, तुम्हाला मुलं किती?"

मी पाण्याचा तांब्या हातात धरून थांबले. निखिलनंही मान वळवली.

"झाली चार," मालतीताई म्हणाल्या. "आहेत तीन. हा टॉवेल घेऊन उभा आहे ना, तो धाकटा."

त्या बाई जरा गोंधळल्या आणि "अच्छा" म्हणाल्या. बाळ थंडीनं रडायला लागलं होतं. मी त्याच्या पाठीवर पाणी घातलं.